मागं रेल, दोर वढू नोको

मंडळी, आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल की याचं डोकं फिरलंय. विषय आहे वॉटर स्कीइंग, त्यातही स्लॅलम. आणि लिहिणारा कुठला? तर यवतमाळ जिल्ह्याचा! ज्या जिल्ह्यात पाण्याचा टँकर आला की गल्लीत लगीनघाई उडते, तिथल्या माणसाने पाण्यावर घसरण्याच्या खेळाचा इतिहास सांगावा, म्हणजे जरा अतीच. पण थांबा. याची सुरुवात आमच्याकडच्या वखरापासूनच होते.

माझं आजोळ पुसद तालुक्यात, शेंबाळपिंपरीच्या बाजूला. पैनगंगेवर इसापूर धरण झालं, तेव्हा मामाची अर्धी जमीन पाण्याखाली गेली. उरलेल्या अर्ध्या जमिनीत कापूस आणि तूर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा वखरणीला निघाला की आम्हा पोरांची चंगळ असायची. वखर जमिनीत नीट बसावा म्हणून त्यावर वजन लागतं. हे वजन म्हणजे आम्ही! वखराच्या खोडावर उभं राहायचं, जुवाला बांधलेला दोर हातात धरायचा आणि बैलांच्या मागे ढेकळांवरून गदगदत जायचं. आमची फुकटातली एस्सेल वर्ल्डच ती.

पहिल्या दिवशी मी घाबरून दोर छातीशी ओढून धरला आणि तोल पुढे गेला. मामाने तिथेच बैल थांबवले आणि खेकसला, "मांगं रेल! दोर वढू नोको. बैल हायेत ना वढाले. पुढं पडशीन तं पासेखाली येशीन."

पास म्हणजे वखराचं आडवं लोखंडी पातं. त्यानंतर मी कधी पुढे झुकलो नाही.

हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं ते थेट अमेरिकेत, २०२२ च्या उन्हाळ्यात. ऑनसाइटला मिनियापोलिसला होतो. मिनेसोटा म्हणजे दहा हजार तळ्यांचं राज्य, त्यांच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच तसं छापलेलं असतं. टीममधल्या एका पन्नाशीच्या सहकाऱ्याची तळ्याकाठी केबिन होती आणि घरची बोट होती. एका शनिवारी त्याने मला बोलावलं. पोहता येतं का, विचारलं. मी म्हटलं, येतं. (पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून विहिरीत शिकलोय, हे सांगितलं नाही.) त्याने मला लाइफ जॅकेट घातलं, पायात दोन स्की अडकवल्या, पाण्यात सोडलं आणि हातात दांडा दिला. बोट सुरू झाली. मी दांडा जिवाच्या आकांताने छातीशी ओढला आणि तोंडावर आपटलो. नाकातोंडात पाणी. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच.

सहाव्या वेळी तो बोटीतून ओरडला, "मागे रेल, दोर ओढू नकोस, बोट ओढेल!"

अर्थात इंग्रजीत. पण मला ऐकू आला तो मामा. गुडघे छातीशी घेतले, हात सरळ सोडले, मागे रेललो आणि गप्प बसून राहिलो. बोटीने मला अलगद पाण्यावर उचलून ठेवलं. ढेकळं नव्हती, एवढाच फरक.

परतताना तो म्हणाला, "हा खेळ इथून दीड तासावर जन्मला, यंदा त्याला शंभर वर्षं झाली." पुढच्या वीकेंडला मी लेक सिटी गाठली.

लेक सिटी हे मिसिसिपी नदीकाठचं छोटंसं गाव. तिथे नदी फुगून रुंद होते, त्या पाण्याला लेक पेपिन म्हणतात. १९२२ साली या गावात राल्फ सॅम्युअलसन नावाचा १८ वर्षांचा पोरगा राहायचा. त्या काळात बोटीमागे फळी बांधून तिच्यावर उभं राहण्याचा खेळ होता, त्याला अ‍ॅक्वाप्लेन म्हणत. पण त्यात दोर फळीला बांधलेला असे. राल्फच्या डोक्यात आलं की बर्फावर स्की करतात तसं पाण्यावर का करू नये?

मग त्याने जे केलं ते वाचून मला आमच्या इंजिनिअरिंगच्या सबमिशनच्या आदल्या रात्री आठवल्या. आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. बुडाला. मग बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या. पुन्हा बुडाला. मग लाकडाच्या वखारीतून पाइनच्या दोन फळ्या आणल्या, ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद. आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात त्यांची टोकं उकळून मऊ केली आणि शिकंज्यात दाबून वर वळवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे. दोर म्हणून खिडकीच्या चौकटीत वापरतात तसली साधारण १०० फूट दोरी, आणि हातात धरायला लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी कडी. बोट चालवायला भाऊ.

२८ जूनला प्रयोग सुरू झाले. फळ्यांची टोकं पाण्याला समांतर ठेवली की तो पुढे कोलमडायचा. काही दिवस हेच. शेवटी २ जुलैला, म्हणजे १९ वा वाढदिवस उद्यावर असताना, त्याने टोकं पाण्याच्या वर काढली आणि मागे रेलला. बोटीने त्याला उचललं. वॉटर स्कीइंगचा शोध लागला तो हा असा! यात फळ्यांपेक्षा जास्त महत्त्व त्या मागे रेलण्याला आहे, असं माझं ठाम मत आहे.

राल्फ तिथे थांबला नाही. १९२५ मध्ये त्याने पाण्यात अर्धवट बुडवलेल्या फळ्यांच्या उतारावर चरबी चोपडली आणि त्यावरून स्कीसकट उडी मारली. पाण्यावर चालणाऱ्या विमानामागे दोर बांधूनही तो घसरला. गावोगाव खेळ करून दाखवले. एकच गोष्ट केली नाही. कागद केला नाही. ना पेटंट, ना कुठे रीतसर नोंद.

पेटंट घेतलं ते न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलरने, त्याच १९२५ साली. वॉलर पॅरामाउंट फिल्म कंपनीत स्पेशल इफेक्ट्सचं काम करायचा. मोठा कल्पक माणूस. पुढे १९५२ मध्ये तीन प्रोजेक्टरवाला सिनेरामा आला, तो याच्याच डोक्यातून. वॉलरने स्वतः डोकं चालवून स्की बनवल्या, 'डॉल्फिन अक्वा-स्कीज' नावाने विकल्या, त्याने कुणाचं काही चोरलं नव्हतं. पण कागद त्याच्याकडे होता. त्यामुळे पुढची जवळजवळ चाळीस वर्षं वॉटर स्कीइंगचा जनक कोण म्हटलं की वॉलरचं नाव पुढे यायचं. फ्रान्सवालेही आपला दावा सांगायचे. राल्फचं नाव लेक सिटीबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या पाठीला मोठी दुखापत झाली, स्कीइंग सुटलं, पुढे तो टर्की कोंबड्या पाळायला लागला.

आणि मग १९६३ साली सेंट पॉलच्या एका वार्ताहर बाई लेक सिटीला आल्या. तळ्याकाठच्या स्नानगृहात बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर त्यांना दोन जुन्या, लांबलचक फळ्या टांगलेल्या दिसल्या. त्यांनी विचारलं, हे काय? कुणीतरी सांगितलं, आमच्या राल्फच्या स्की. बाईंनी बातमी केली, चौकशी सुरू झाली, आणि १९६६ मध्ये अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने पहिला मान राल्फ सॅम्युअलसनचा, असं जाहीर केलं. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. १९७७ मध्ये तो गेला. म्हणजे आयुष्याची जेमतेम शेवटची अकरा वर्षं त्याला तो मान मिळाला, आणि तोही एका भिंतीवर फळ्या टांगलेल्या राहिल्या म्हणून. कुणी त्या बंबात घातल्या असत्या तर?

आता गंमत पाहा. ज्या खेळाच्या जन्माचीच नोंद नव्हती, त्याच खेळातून पुढे असा प्रकार निघाला की ज्यात सगळं मोजून-मापून लिहिलं जातं. तो प्रकार म्हणजे स्लॅलम.

१९३९ मध्ये असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ जोन्स बीचला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्लॅलम हा शब्द नॉर्वेच्या बर्फाळ उतारांवरून आलेला, खांबांमधून नागमोडी जाणं. पाण्यावर खांबांऐवजी तरंगते गोळे आले, ज्यांना बॉय म्हणतात. १९४९ मध्ये फ्रान्समध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून वॉटर स्कीइंगला जागा मिळाली. आपल्याकडे बहुतेकांना हा खेळ माहीत आहे तो १९६७ च्या 'अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस'मधला. शर्मिला टागोर पाण्यावर आणि शम्मी कपूर हेलिकॉप्टरमधून! पण ते स्लॅलम नव्हे.

स्लॅलमचा कोर्स २५९ मीटर लांब. बोट मधून नाकासमोर सरळ जाते, जराही वळत नाही. स्कीअर मात्र एकाच स्कीवर उभा राहून डावीकडे एक, उजवीकडे एक असे सहा बॉय बाहेरून वळसा घालून घेतो. प्रत्येक बॉय मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांसाठी ५५. ५८ च्या वेगाने २५९ मीटर म्हणजे १६ सेकंद आणि वर थोडंसं. तेवढ्यात सहा वळणं.

आधी वेग कमी ठेवतात. सहाही बॉय झाले की ताशी ३ किलोमीटरने वाढवतात. कमाल वेग गाठला की तो तिथेच थांबतो. मग कठीण कसं करायचं? इथे या खेळाची खरी युक्ती आहे. दोर कापायचा! म्हणजे खरोखर कापत नाहीत, दोराला मधेमधे फासे असतात, ते बोटीच्या खांबाला अडकवत दोर लहान करत जातात. १८.२५ मीटरपासून सुरू. मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५... प्रत्येक तुकड्याला रंग असतो. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' आठवतंय? त्यातला फक्त 'पा' गाळलाय!

आता गणित करा. बॉय ११.५ मीटरवर आणि दोर ११.२५ मीटरचा. म्हणजे दोर बोटीशी पूर्ण काटकोनात आणला तरी दांडा बॉयपर्यंत पोहोचतच नाही. पुढचं अंतर माणसाने स्वतःच्या अंगाने भरून काढायचं. एका हातात दांडा, हात पूर्ण लांब, अंग पाण्यावर आडवं, आणि पायातली स्की बॉयच्या पलीकडून. १०.२५ मीटरच्या दोरावर ही तूट सव्वा मीटरची होते. पुढे ९.७५ आणि ९.५ मीटरचे दोरही आहेत. गुण लिहिताना पाव आणि अर्धा बॉयसुद्धा मोजतात. किती बॉय, किती दोरावर, एवढंच लिहिलं की जगात कुणालाही कळतं तुम्ही किती पाण्यात आहात ते. शब्दशः!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार आवडण्यासारखं आहे. वेग पक्का, अंतर पक्कं, बोट सरळ, बदलतो फक्त एक व्हेरिएबल. म्हणून तर १९८० चा आणि आजचा स्कोअर शेजारीशेजारी ठेवता येतो.

अर्थात त्यासाठी बोटही तशीच लागते. साध्या मोटरबोटीमागे पाण्याचा जो उंचवटा उठतो, तो ओलांडताना स्कीअर उडून पडेल. स्लॅलमच्या बोटीत इंजिन मधोमध असतं, दोराचा खांब त्याच्या पुढे बोटीच्या मध्याजवळ, आणि तळाला बारीक पंखे असतात, जेणेकरून स्कीअरने बाजूला ओढलं तरी बोट रेष सोडत नाही. फ्लोरिडातल्या करेक्ट क्राफ्ट कंपनीची स्की नॉटिक १९६१ पासूनची. मास्टरक्राफ्ट १९६८ मध्ये टेनेसीत एका शेतावरच्या गोठ्यात सुरू झाली. स्कीअर वळताना दोराला हिसका देतो, बोट मंदावते, आणि ड्रायव्हरने थ्रॉटल देऊन ते भरून काढायचं. पूर्वी हे सगळं हाताच्या अंदाजावर चालायचं, काठावर स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा. १९९० च्या दशकात वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, आणि २००० च्या दशकात जीपीएसवर चालणारी. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर मी रडत-खडत काढला होता. त्या बोटीत बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की या विषयाचा उपयोग आहे!

स्कीचंही तसंच. पाइनच्या फळीपासून फायबर ग्लास, आणि तिथून आत फोम, बाहेर कार्बन फायबर. खालची बाजू किंचित खोलगट, म्हणजे वळताना पाणी पकडते. शेपटाकडे अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पंखा, फिन. ही फिन पुढे-मागे, खाली-वर करतात ती इंचाच्या हजाराव्या भागात, व्हर्नियर कॅलिपरने मोजून. आणि स्लॅलमवाल्याच्या बॅगेत एक वही हमखास असते. कोणत्या तारखेला फिन कुठे होती, पाणी किती गार होतं, किती बॉय झाले. माझ्या सहकाऱ्याच्या अशा तीन वह्या होत्या. राल्फने एक जरी ठेवली असती!

आता शिकायचंच असेल, तर पाच वेळा नाकात पाणी गेलेल्या माणसाच्या चार सूचना:

१. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालाच. दोर हाताला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नका. तोल गेला की दांडा सोडून द्या, अभिमान बाजूला ठेवा.

२. आधी जमिनीवर सराव करा. दांड्याचा दोर झाडाला बांधा, उकिडवे बसा, हात सरळ ठेवून मागे रेला. मित्राला हळूहळू ओढायला सांगा. तुम्ही उठू नका, तो उठवेल. नजर समोर, पायांकडे नाही.

३. बोटीत ड्रायव्हरशिवाय मागे पाहणारा एक माणूस हवाच. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर. पडल्यावर हात वर करून दाखवा, म्हणजे बरे आहात हे कळेल. माणूस उचलून घेताना इंजिन बंद.

४. दोन स्कीवर घट्ट झाल्याशिवाय एका स्कीच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. तपशील विचारू नका.

"मग इसापूरच्या पाण्यावर का नाही?" हा प्रश्न मलाही पडला होता. पाणी पाहिलं तर डोळे फाटतात एवढं. पण त्या पाण्याखाली जुन्या झाडांची खोडं आहेत, भोयांची जाळी लागलेली असतात, आणि उन्हाळ्यात पाणी कुठल्या कुठे मागे सरकतं. स्लॅलमला लागतं ते शांत, खोली माहीत असलेलं पाणी. अमेरिकेत त्यासाठी मुद्दाम लांबट तळी खोदतात आणि काठांना मंद उतार देतात, म्हणजे लाटा परत फिरत नाहीत. शिवाय आमच्या त्या पाण्यावर मामाच्या कापसाचा हक्क आधी. खेळाचा नंतर.

भारतात परतल्यावर दिवाळीला आजोळी गेलो. मामाला राल्फची गोष्ट सांगितली. फळ्या, उकळतं पाणी, कडी, सगळं. मामाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग त्याले पह्यला कामून म्हनलं नाई?"

मी म्हटलं, "त्याने कागद केला नाही."

मामा हसला. "कागद तं म्याबी नाई केला."

तो कशाबद्दल बोलत होता हे कळायला मला क्षणभर लागलं. धरणाचं पाणी दर हंगामात पुढे-मागे होतं, त्यामुळे काठावर ठेवलेली मोटर एकतर बुडते, नाहीतर कोरडी पडते. मामाने वीसेक वर्षांपूर्वी तेलाची चार पिंपं, बाभळीच्या दोन आडव्या आणि सायकलच्या ट्यूब यांचा तराफा केला. त्यावर मोटर. पाणी हललं की तराफा हलतो, पाइप लवचीक. असे तराफे इतरांनीही केले असतील, मामा पहिला असं मी म्हणत नाही. पण मामाच्या तराफ्यात पाइप ज्या जागी जोडला आहे तिथे ट्यूब अशी पिळून बांधली आहे की लाट आली तरी सांधा निखळत नाही. मी इंजिनिअर असून मला ती बांधणी दोनदा पाहिल्याशिवाय कळली नाही.

"आणि वखर कुठाय?" मी विचारलं. वखर नव्हता. ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यात पडून होता, मग एका पावसाळ्यात सरपण कमी पडलं तेव्हा चुलीत गेला. आमच्याकडच्या भिंतीवर काही टांगून ठेवायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि वही घेऊन तराफ्यावर गेलो. पिंपांमधलं अंतर, बाभळीची जाडी, ट्यूबचे वेढे किती, कुठून कुठे. मामा काठावर बसून बिडी ओढत पाहत होता. एक माप चुकलं तर त्याने तिथूनच दुरुस्त केलं, न उठता. शेवटी वहीत वर मामाचं पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली. तो म्हणाला, "याचं काय करशीन?"

मी म्हटलं, "भिंतीवर टांगीन."

असो. पुढच्या शनिवारी भेटू.